टीनएज फॅनक्लबचा तिसरा आवाज

ऑगस्ट 2018 मध्ये टीनएज फॅनक्लब या स्कॉटिश बँडने एक लहानसे निवेदन प्रसिद्ध केले. शरद ऋतूतले ठरलेले कार्यक्रम पार पडले की बँडच्या तीन गायक-गीतकारांपैकी एक असलेला जेरार्ड लव्ह बँडमधून बाहेर पडणार, पुढच्या दौऱ्यांबाबत आपसांत एकमत होऊ शकले नाही, एवढाच त्याचा मथितार्थ होता. त्यात कोणावर ठपका नव्हता, कोणाची उणीदुणी काढलेली नव्हती. 1989 पासून एकत्र गाणाऱ्या माणसांनी जितक्या सभ्यपणे वेगळे व्हावे तितक्याच सभ्यपणे ते लिहिलेले होते, आणि कदाचित म्हणूनच ते वाचून मला जास्त चुटपुट लागली.

तिकीट माझ्याकडे आधीपासूनच होते. ऑक्टोबरच्या अखेरीस ग्लासगोच्या बॅरोलँड बॉलरूममध्ये सलग तीन रात्री हा बँड गाणार होता, आणि क्रिएशन रेकॉर्ड्स या कंपनीसाठी 1991 ते 2000 या काळात केलेले आपले पाचही अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत, मूळच्या क्रमाने सादर करणार होता. त्यातल्या ज्या रात्री 1995 चा ‘ग्रां प्री’ हा अल्बम होता ती रात्र मी डोळे झाकून निवडली होती. तिकीट काढले तेव्हा आवडता अल्बम सलग ऐकायला मिळणार, एवढाच आनंद होता. निवेदन आल्यावर त्याच तिकिटाचे वजन बदलले. जेरार्ड लव्हची गाणी त्याच्या तोंडून, या बँडच्या साथीने ऐकण्याची ही माझ्यासाठी शेवटची संधी ठरणार होती. लीड्सला राहणाऱ्या माझ्या दादाला मी फोन केला, तर त्याने रेल्वेचे आरक्षण करूनच टाकले होते. हा बँड मला त्यानेच दिला. पुण्याच्या हॉस्टेलवर असताना तो सुट्टीत सांगलीला यायचा, तेव्हा स्केचपेनने नावे लिहिलेल्या एमपीथ्री सीडींचा गठ्ठा बरोबर असायचा, आणि त्यातल्या एका सीडीवर ‘ग्रां प्री’ होता. आमच्या घरी रेडिओवर सकाळी भक्तिगीते आणि दुपारी नाट्यगीते लागत, संध्याकाळी संगणकाच्या दोन छोट्या स्पीकरांवर बेल्सहिलची ही मंडळी गात.

बेल्सहिल हे ग्लासगोच्या आग्नेयेला, लॅनर्कशरमधले एक छोटे औद्योगिक गाव आहे. कोळसा आणि पोलाद यांवर वाढलेल्या या गावातून 1980 च्या दशकात एकमेकांत मिसळलेले अनेक बँड निघाले. सूप ड्रॅगन्स आणि बीएमएक्स बँडिट्स ही त्यांतली दोन नावे. कोण कोणत्या बँडमध्ये कधी वाजवत होते याचा हिशेब लावणे कठीण, इतकी माणसे या बँडमधून त्या बँडमध्ये ये-जा करीत. त्यातूनच नॉर्मन ब्लेक, रेमंड मॅकगिन्ली आणि जेरार्ड लव्ह हे तिघे एकत्र आले. त्यांचा ‘बँडवॅगनेस्क’ हा अल्बम 1991 च्या नोव्हेंबरात आला आणि अमेरिकेतल्या ‘स्पिन’ मासिकाने त्याला त्या वर्षातला सर्वोत्तम अल्बम ठरवले. निर्वाणा या अमेरिकी बँडचा ‘नेव्हरमाइंड’ त्याच वर्षीचा, हे लक्षात घेतले म्हणजे त्या निवडीचे धाडस कळते. पुढे जग निर्वाणाच्या मागे गेले. टीनएज फॅनक्लब मात्र आपल्या वाटेने चालत राहिला, आणि माझ्या मते त्यांचे सर्वोत्तम काम त्यानंतरचे आहे.

ज्या प्रकारात या बँडची गणना होते तो पॉवर पॉप अनेक मराठी वाचकांच्या कानावरून गेलेला असेल, पण नावाने ओळखीचा नसेल. हे दोन शब्द 1967 मध्ये ‘द हू’ या बँडच्या पीट टाउनशेंडने आपल्या संगीताविषयी बोलताना वापरले. बीटल्सची चाल, बर्ड्स या बँडच्या बारा तारांच्या गिटारची किणकिण आणि दोन-तीन आवाजांचे जुळलेले गाणे, हे सगळे रॉकच्या जोरकस ड्रमवर आणि मोठ्या आवाजाच्या गिटारांवर बसवायचे आणि तीन-चार मिनिटांत आटोपायचे, असे त्याचे स्थूल स्वरूप. अमेरिकेतल्या मेम्फिस शहरातल्या बिग स्टार या बँडने 1972 आणि 1974 मध्ये या प्रकारातले दोन अप्रतिम अल्बम केले. वितरणाच्या गोंधळामुळे ते दुकानांपर्यंत नीट पोचलेच नाहीत आणि त्या वेळी फारसे खपले नाहीत. पुढच्या पिढीतल्या ज्यांनी ते शोधून ऐकले त्यांच्यात ही बेल्सहिलची मंडळी होती. त्यांच्या 1993 च्या अल्बमचे ‘थर्टीन’ हे नावही बिग स्टारच्या एका गाण्यावरून घेतलेले आहे. ऐकायला हे संगीत सोपे वाटते, आणि सोपे वाटावे यासाठीच त्यात सगळी मेहनत केलेली असते. चाल उजळ असते आणि शब्दांत बहुतेक वेळा कोणीतरी कोणापासून दूर गेलेले असते. हा उजेड आणि ही हुरहुर एकाच ओळीत नांदते, हेच मला त्यात सर्वात जास्त आवडते.

टीनएज फॅनक्लबचे वेगळेपण मात्र आणखी एका गोष्टीत होते. बहुतेक बँडमध्ये एक गायक असतो, फार तर दोन गीतकार असतात. इथे तीन गीतकार होते, तिघेही स्वतः चाल बांधत, आणि ज्याचे गाणे त्यानेच म्हणायचे असा रिवाज होता. ‘ग्रां प्री’मध्ये 13 गाणी आहेत. त्यांतली 5 ब्लेकची, 4 लव्हची आणि 4 मॅकगिन्लीची. पुढचा ‘साँग्ज फ्रॉम नॉर्दर्न ब्रिटन’ 1997 चा, त्यात 12 गाणी, प्रत्येकाची चार-चार. वाटणी इतकी समसमान आहे की ती सहज झाली असे म्हणवत नाही. आणि एकाचे गाणे चालू असताना उरलेले दोघे नुसते वाजवत नाहीत, ते मागून आवाज देतात. भजनी मंडळात एक जण अभंग सांगतो, बाकीचे ध्रुपद धरतात, आणि पुढच्या अभंगाला सांगणारा बदलतो, तसा हा कारभार आहे. ध्रुपद धरणाऱ्याने स्वतःचा आवाज किती द्यायचा आणि किती राखायचा यावर अभंग उभा राहतो किंवा पडतो. हे जाणणारे तीन गायक एका बँडमध्ये एका वेळी असावेत, हे मला आजही नवलाचे वाटते.

कार्यक्रमाच्या आदल्या रविवारी घड्याळे एक तास मागे गेली होती, त्यामुळे पाच वाजायच्या आत अंधार पडू लागला होता. दादाला सेंट्रल स्टेशनवर घेऊन आम्ही आर्गाइल स्ट्रीट आणि ट्राँगेट या रस्त्यांनी चालत निघालो. ग्लासगो क्रॉसचा जुना मनोरा ओलांडला की गॅलोगेट सुरू होतो आणि शहराचा चेहराच पालटतो. झगमगीत दुकाने मागे पडतात, शनिवार-रविवारी भरणाऱ्या बॅराज नावाच्या जुन्या बाजाराचे बंद गाळे दिसू लागतात, आणि मग एका वळणानंतर बॅरोलँडची निऑनची पाटी समोर येते. पूर्ण इमारतीच्या दर्शनी भागावर पसरलेली, रंगीत ताऱ्यांची, क्रमाक्रमाने उजळत जाणारी ती पाटी पाहून दादा रस्त्यात थांबला. मी ग्लासगोत नोकरीनिमित्त राहते, त्यामुळे ती पाटी माझ्या सवयीची झाली होती. त्याच्याबरोबर मीही पुन्हा नीट पाहिली.

या इमारतीची हकीकत सांगण्यासारखी आहे. हा बाजार उभा करणाऱ्या मॅगी मॅकआयव्हर या बाईंनी 1934 मध्ये हे नृत्यगृह बांधले. बाजारातल्या विक्रेत्यांसाठी त्या दरवर्षी नाताळात नाचाचा कार्यक्रम करीत, एका वर्षी नेहमीचे सभागृह मिळाले नाही, तेव्हा त्यांनी स्वतःचेच बांधायचे ठरवले, असे सांगतात. 1958 मध्ये आग लागून ते खाक झाले आणि 1960 मध्ये नव्याने उभे राहिले. पुढे नाचाची ती पद्धतच मागे पडली आणि सभागृहही विस्मरणात जाऊ लागले. 1983 मध्ये सिंपल माइंड्स या ग्लासगोच्याच बँडने आपल्या एका गाण्याचे चित्रीकरण इथे केले, तेव्हापासून बॅरोलँड ही रॉक संगीताची जागा झाली. सुमारे दोन हजार माणसे मावतात. इथे गायलेल्या अनेक कलाकारांनी या सभागृहाची मनापासून तारीफ केलेली आहे, आणि आत गेल्यावर तिचे कारण कळते.

शेजारच्या छोट्या उद्यानात एक पायवाट आहे, तीही आम्ही आत जाण्याआधी पाहून घेतली. वेगवेगळ्या रंगांच्या अरुंद पट्ट्या एकाला एक लागून जमिनीत बसवलेल्या आहेत. फडताळात उभ्या लावलेल्या रेकॉर्डच्या कडा दिसाव्यात अशी त्यांची रचना आहे, आणि प्रत्येक पट्टीवर बॅरोलँडमध्ये गाऊन गेलेल्या कोणाचे तरी नाव आणि वर्ष आहे. हे काम जिम लॅम्बी या ग्लासगोच्या शिल्पकाराचे. टीनएज फॅनक्लबच्या आधी ब्लेक आणि मॅकगिन्ली ज्या ‘बॉय हेअरड्रेसर्स’ नावाच्या बँडमध्ये होते, त्यात हाच जिम लॅम्बी त्यांच्याबरोबर वाजवत असे. मोबाइलच्या उजेडात वाकून नावे वाचणारे आम्ही दोघेच नव्हतो. पांढऱ्या केसांचे एक गृहस्थ आपल्या मुलीला एकेक पट्टी दाखवून, त्या त्या कार्यक्रमाला आपण होतो की नव्हतो, हे सांगत होते.

बॅरोलँडचे सभागृह वरच्या मजल्यावर आहे. रुंद जिने चढून गेले की एकदम तो मोठा हॉल उघडतो. कमानदार छत, छतावर तारे आणि खाली लाकडी फरशी. खुर्च्या नाहीत. सगळ्यांनी उभे राहूनच ऐकायचे. गर्दीत पन्नाशीच्या आसपासची माणसे पुष्कळ होती, जोडपी होती, आणि आईवडिलांबरोबर आलेली कॉलेजच्या वयाची मुलेही बरीच होती. आम्ही रंगमंचापासून फार दूर नाही आणि फार जवळही नाही, अशी डावीकडची जागा धरली. स्पीकरच्या अगदी समोर उभे राहिले की गिटारांच्या गदारोळात मागचे आवाज दबतात, आणि मला त्या रात्री नेमके मागचेच आवाज ऐकायचे होते.

‘ग्रां प्री’ची सुरुवात मॅकगिन्लीच्या ‘अबाउट यू’ने होते. रेकॉर्डवर हे गाणे ज्या क्षणी सुरू होते त्याच क्षणी अनेक आवाज एकदम अंगावर येतात, आलाप नाही, प्रस्तावना नाही. रंगमंचावरही तसेच झाले. ड्रमवर पॉल क्विन होता, म्हणजे 1994 मध्ये ऑक्सफर्डशरमधल्या मॅनर स्टुडिओत हा अल्बम ध्वनिमुद्रित झाला तेव्हाचा मूळ वादक. दोन ओळी होतात न होतात तोच दादा माझ्या कानाशी ओरडला, “अगं, पायाखाली बघ!” बॅरोलँडची फरशी नाचासाठी बांधलेली आहे, तिच्याखाली लवचीकपणा ठेवलेला आहे. शेकडो माणसे ठेक्यावर उड्या मारू लागली की ती फरशी खाली जाते आणि वर येते. मी स्वतः जागची हलले नव्हते, तरी माझे गुडघे ठेक्यात वाकत होते आणि सरळ होत होते. टाचेखाली लाकूड दबल्याचे कळे, मग ते पाऊल हलकेच वर उचलून देई. अल्बममधल्या बहुतेक गाण्यांना हे चालू राहिले. ड्रमचा ठेका कानाने ऐकण्याआधी पायाला कळत होता.

दुसरे गाणे ‘स्पार्कीज ड्रीम’, जेरार्ड लव्हचे. त्या रात्री जे पाहायला मी गेले होते ते मला या गाण्यात दिसले. लव्ह रंगमंचावर फार हालचाल करणारा माणूस नाही. बेस गिटार घेऊन तो माइकसमोर उभा राहतो, किंचित मान वर करतो आणि गातो. आवाज पातळ, स्वच्छ, थोडासा धापेला लागल्यासारखा. त्यात कंप नाही, मुरकी नाही, स्वर जिथे आहे तिथे सरळ जाऊन टेकायचे. कडवे तो एकटा म्हणत होता. कोरस, म्हणजे ध्रुपदासारखा परत परत येणारा भाग, यायच्या जरा आधी नॉर्मन ब्लेकने माइककडे अर्धे पाऊल टाकले, मॅकगिन्लीही आपल्या माइकपाशी आला, आणि ओळ सुरू झाली तेव्हा दोघांनी आपापला स्वर लव्हच्या स्वराला लावला. ते इतके नेमके बसले की क्षणभर लव्हचा आवाज कुठला हे कळेना. घरी हेडफोनवर ऐकताना मला हा एकच मोठा, भरलेला आवाज वाटत असे. इथे तो तीन माणसांमधून येताना समोर दिसत होता. ब्लेकच्या अंगी मूळचा आवाज मोठा आहे, मनात आणले तर तो कोणालाही झाकून टाकू शकतो. लव्हच्या गाण्यात त्याने तो हातचा राखून ठेवला होता. गाताना तो प्रेक्षकांकडे पाहत नव्हता, लव्हकडे पाहत होता. ओळ संपताना लव्ह जिथे श्वास घेई तिथेच तोही थांबे. कोरस संपला की अर्धे पाऊल मागे, आणि पुन्हा गिटार.

हे मी त्या गाण्याच्या प्रत्येक कोरसला पाहिले, आणि पुढे लव्हच्या ‘डोंट लुक बॅक’मध्येही पाहिले. त्या गाण्याला सगळे सभागृह गात होते. चाल अशी की ओठांवर आपोआप येते, आणि शब्दांत मात्र कोणी तरी निघून चालले आहे. दोन हजार माणसे एका सुरात ‘मागे वळून पाहू नकोस’ म्हणत असताना ते कोणाला उद्देशून म्हणत आहेत हे उघड होते. मागून कोणी तरी लव्हचे नाव घेऊन मोठ्याने हाक मारली, त्याने मान लववून हसून ती स्वीकारली आणि पुढचे गाणे सुरू झाले. निरोपाचे भाषण मी तरी त्या रात्री ऐकले नाही. मला ते योग्यच वाटले. अल्बम क्रमाने गायचा ठरला होता आणि क्रमात भाषणाला जागा नव्हती.

या दोन गाण्यांच्या मध्ये ब्लेकचे ‘मेलो डाउट’ येते. साध्या गिटारवर बसवलेले, जवळजवळ पुटपुटल्यासारखे गाणे आहे, आणि त्यात एके ठिकाणी शब्द थांबून शीळ येते. ब्लेकने शीळ घातली, आणि सभागृहातून शेकडो शिळा त्याच चालीवर उठल्या. काही सुरात होत्या, काही नव्हत्या. हॉलच्या कमानदार छताखाली तो आवाज पाखरांचा थवा उडाल्यासारखा पसरत गेला आणि ब्लेकला हसू आवरेना, त्यामुळे पुढच्या ओळीचा पहिला शब्द त्याच्या हातून निसटला. लोकांनी तो त्याला म्हणून दिला.

मॅकगिन्लीबद्दल फार कमी लिहिले जाते, म्हणून इथे मुद्दाम लिहिते. तिघांत तो सर्वात अबोल. त्याची गाणी पहिल्या ऐकण्यात इतकी बिलगत नाहीत. ‘व्हेरिसिमिलिट्यूड’ हे त्याचे गाणे मला वर्षानुवर्षे नुसते ठीक वाटत होते. प्रत्यक्ष ऐकताना त्यातली गिटार समजली. तो एकेक स्वर वेगळा काढतो, घाई करत नाही, आणि गाण्याची चाल जिथे खाली उतरते तिथे गिटार वर चढवतो. त्याच्या बोटांना दिखाऊपणाची सवयच नाही. दुसऱ्यांच्या गाण्यातही त्याने वाजवलेले तुकडे बारकाईने ऐकले तर ते त्या गाण्याच्या चालीतूनच निघालेले असतात, वरून चिकटवलेले नसतात. ज्याला स्वतःची गाणी आहेत असा माणूस दुसऱ्याच्या गाण्याशी इतक्या निष्ठेने वाजवतो, ही माझ्या दृष्टीने फार मोठी गोष्ट आहे.

‘नील युंग’ या गाण्याच्या शेवटी गिटार बराच वेळ एकटी बोलत राहते. इथे एरवी शिस्तीत वागणारा हा बँड मोकळा सुटतो. तिथे दादाने डोळे मिटून घेतले होते. मीही मग रंगमंचाकडे पाहण्याचे थांबवून त्याच्याकडे पाहिले. सांगलीच्या घरात संगणकासमोर बसून हे गाणे लावताना तो असाच डोळे मिटून घेत असे आणि आई स्वयंपाकघरातून आवाज कमी करायला सांगत असे. बॅरोलँडमध्ये आवाज कमी करायला सांगणारे कोणी नव्हते.

लव्हची ‘डिस्कोलाइट’ आणि ‘गोइंग प्लेसेस’ ही दोन गाणी अल्बमच्या उत्तरार्धात आहेत. ‘गोइंग प्लेसेस’ मी आजवर दुय्यम मानत आले होते. त्या रात्री ते सर्वात हळुवार झाले, कारण त्यात कोणाला घाई नव्हती. पहिल्या दोन गाण्यांना उड्या मारणारी फरशी इथे स्थिर झाली. माझ्या पुढे उभ्या असलेल्या बाई सुरुवातीपासून प्रत्येक शब्द मोठ्याने म्हणत होत्या. या गाण्याला त्यांनी गाणे थांबवले, हात छातीशी घट्ट धरले आणि नुसते ऐकले. लव्हचा आवाज शेवटच्या ओळींवर जरासा घोगरा झाला. ब्लेकचा मागचा स्वर तेवढ्यापुरता थोडा वाढला, आणि लव्ह सावरल्यावर पुन्हा खाली गेला. इतका बारीक सांभाळ दोन हजार लोकांच्या गर्दीत किती जणांच्या लक्षात आला असेल, सांगता येत नाही. तो लक्षात यावा म्हणून केलेलाही नव्हता.

अल्बमच्या शेवटच्या गाण्यात आधी काही क्षण कानठळ्या बसवणारा गोंगाट आहे आणि मग लगेच एक शांत, लहानसे गाणे. सभागृहाने तो गोंगाट आनंदाने ओरडून साजरा केला आणि नंतरचे गाणे तितक्याच शांतपणे ऐकले. त्या रात्री याव्यतिरिक्तही पुष्कळ काही वाजले. त्याबद्दल इथे लिहीत नाही. चांगले झाले, मनसोक्त झाले. पण माझे कान तोवर भरले होते, आणि ‘ग्रां प्री’बद्दल जितक्या खात्रीने लिहिता येते तितक्या खात्रीने उरलेल्या भागाबद्दल मला लिहिता येणार नाही.

बाहेर पडलो तेव्हा थंडी चांगलीच वाढली होती. घरापर्यंत चालत जाताना दादाचा आणि माझा वाद झाला, आणि तो आजही मिटलेला नाही. तो म्हणाला, “लव्ह गेला म्हणून ही गाणी बंद व्हायचं काही कारण नाही. नॉर्मन म्हणेल की. गाणी बँडची असतात.” मी म्हटले, “दादा, तू आत्ताच ऐकलंस ना? ‘स्पार्कीज ड्रीम’ नॉर्मनने म्हटलं, तर नॉर्मनची जागा कोण घेणार?” दादाचे म्हणणे असे की लोकांनी पैसे मोजून येऊन आवडती गाणी ऐकायचीच नाहीत, हा त्यांच्यावर अन्याय आहे. ते म्हणणे मला समजते. पण ज्याचे गाणे त्यानेच म्हणायचे हा या बँडचा मूळचा करार होता, तो मोडून गाणे वाचवले तर नेमके काय वाचवले, हे मला कळत नाही.

पुढे बँडने जे केले ते माझ्या बाजूचे झाले. लव्हच्या जाण्यानंतर डेव्ह मॅकगोवनने बेस गिटार हाती घेतली, वेल्सचा यूरोस चाइल्ड्स कीबोर्डवर आला, आणि लव्हची गाणी त्यांनी आपल्या कार्यक्रमांतून काढून टाकली. त्यांत त्यांची सर्वात लोकप्रिय गाणी होती. कोणत्याही बँडला परवडू नये असे हे नुकसान आहे, आणि त्यांनी ते मुकाट्याने सोसले. 2021 मध्ये आलेल्या ‘एंडलेस आर्केड’मध्ये 12 गाणी आहेत, 6 ब्लेकची आणि 6 मॅकगिन्लीची. वाटणीचा जुना नेम दोघांनी दोघांत पाळला आहे. ब्लेकच्या गाण्यांत मॅकगिन्ली आवाज देतो, मॅकगिन्लीच्या गाण्यांत ब्लेक. अल्बम सुंदर आहे. 2023 चा ‘नथिंग लास्ट्स फॉरएव्हर’ही मला आवडला. तरी कोरस आला की माझा कान वरच्या बाजूचा तो पातळ स्वर शोधतो, आणि मला वाटते की हा बँड ज्यांनी पूर्वीपासून ऐकला आहे त्या सगळ्यांचाच शोधत असावा.

ज्या वाचकांनी टीनएज फॅनक्लब अजून ऐकलेला नाही त्यांनी ‘ग्रां प्री’पासून सुरुवात करावी, असा माझा आग्रह आहे. गाणी क्रमाने लावा, मधले एकही गाळू नका. मोबाइलच्या स्पीकरवर मुळीच ऐकू नका, साधे का होईना पण हेडफोन लावा. पहिल्या खेपेला नुसते ऐका. दुसऱ्या खेपेला ‘स्पार्कीज ड्रीम’पाशी थांबा, पहिला कोरस येऊ द्या, आणि मुख्य चाल सोडून मागच्या दोन आवाजांपैकी कोणत्याही एकाला गाणे संपेपर्यंत धरून राहा.